गणितलेखनाची स्थित्यंतरे

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्या कारागिरास निमुळता दांडा, म्हणजे कारखान्याच्या बोलीत ‘टेपर’, कातावयाचा असला म्हणजे एका लहानशा सूत्राचा आधार घ्यावा लागतो. मोठ्या व्यासातून लहान व्यास वजा करावा आणि बाकीस निमुळत्या भागाच्या लांबीच्या दुपटीने भागावे. येणारा भागाकार ही अर्ध्या कोनाची स्पर्शज्या होय. मोठा व्यास ५० मिलिमीटर, लहान व्यास ४० मिलिमीटर आणि लांबी १०० मिलिमीटर असेल, तर १० भागिले २००, म्हणजे ०.०५ हे उत्तर येते आणि कोन सुमारे २.८६ अंशांचा निघतो. पुस्तकात हे सूत्र दुमजली छापलेले असते. वरच्या मजल्यावर वजाबाकी, मध्ये आडवी रेघ आणि खालच्या मजल्यावर दुप्पट लांबी. आता हेच सूत्र त्या पानावरून उचलून साध्या मजकुराच्या एका ओळीत ठेवले आणि ठेवताना ती आडवी रेघ गळून पडली, तर वाचणारा केवळ ४० ह्या आकड्यास २०० ने भागील, आणि आलेला भागाकार ५० मधून वजा करून ४९.८ हे उत्तर काढील. सर्व आकडे जागच्या जागी राहिले, सर्व चिन्हे कायम राहिली. एक रेघ तेवढी गेली, आणि तिच्याबरोबर सारे गणित गेले.

गणिताचा मजकूर एका साधनावरून दुसऱ्या साधनावर नेण्याचे काम मनुष्य शतकानुशतके करीत आला आहे. मुखातून पोथीत, पोथीतून शिळाछापात, शिळाछापातून खिळ्यांत आणि आता कागदावरून संगणकाच्या महाजालावर, अशी ही यात्रा आहे. प्रत्येक मुक्कामी एकच प्रश्न उभा राहिला. सूत्राचे जे रूप डोळ्यांस दिसते ते न्यावयाचे, की त्याच्या अवयवांचा परस्परसंबंध, म्हणजे त्याची रचना, न्यावयाची? सकृद्दर्शनी हा भेद शाब्दिक वाटेल. परंतु अनेकांचे शिक्षण त्यावर अवलंबून असते, आणि त्याचा निर्णय लावण्याच्या कामी पुण्यात वाढलेल्या एका विद्यार्थ्याचा मोठा वाटा आहे. त्याची हकीकत यथावकाश येईलच.

प्राचीन काळी आपल्याकडे गणित हे मुख्यतः कानांनी ग्रहण करावयाचे शास्त्र होते. भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ ११५० साली सिद्ध झाला. त्याचा लीलावती हा भाग सबंध पद्यात आहे. वर्तुळाचा परीघ काढण्यासाठी व्यासास ३९२७ ने गुणून १२५० ने भागावे असा नियम त्यात दिला आहे. परंतु श्लोकात ते आकडे आकड्यांच्या रूपाने येत नाहीत. नक्षत्रे सत्तावीस, नंद नऊ आणि अग्नी तीन. ह्या शब्दांनी एककाच्या बाजूने आरंभ करून ३९२७ ही संख्या सांगितली जाते. त्याचप्रमाणे आकाश म्हणजे शून्य, बाण पाच आणि सूर्य बारा, ह्यांवरून १२५० ही संख्या सिद्ध होते. ह्या पद्धतीचा मोठा गुण असा की, कोठे गुणावे व कोठे भागावे हे शब्दांतच सांगितलेले असते. आडव्या रेघेवर काही अवलंबून नसल्याने रेघ गळण्याची भीती नाही. आणि एखादा शब्द बदलला तर वृत्तभंग होऊन चूक तत्काळ कानास खटकते.

तथापि केवळ शब्दांवर बीजगणिताचा निभाव लागत नाही. म्हणून बीजगणितात अव्यक्त राशींसाठी आद्याक्षरे योजण्याचा प्रघात पडला. पहिल्या अज्ञात राशीस यावत्तावत् म्हणत व ‘या’ असे लिहीत. त्यापुढील राशींस कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देऊन ‘का’, ‘नी’, ‘पी’ असे लिहीत. ज्ञात संख्येपूर्वी ‘रू’, वर्गासाठी ‘व’ आणि ऋण संख्येच्या माथ्यावर एक टिंब, अशी ही योजना होती. समीकरणाचे दोन पक्ष एकाखाली एक मांडीत. येथे गणित प्रथमच कानांकडून डोळ्यांकडे आले, आणि त्याबरोबर एक नवे संकटही आले. पोथीची नक्कल करणाऱ्या लेखकाच्या हातून ते इवलेसे टिंब सुटले, की ऋणाचे धन होई, आणि अशा वेळी सावध करावयास वृत्तही उपस्थित नसे. खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव ह्यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचे त्यात नमूद आहे. नुसती पोथी जतन करून भागत नाही, ती अचूक वाचणारी शिष्यपरंपराही लागते, ही जाणीव त्या मठाच्या स्थापनेत स्पष्ट दिसते.

इंग्रजी अमदानीत पाश्चात्त्य पद्धतीचे गणित मराठीत आले. १८२० नंतरच्या दशकात जॉर्ज जर्व्हिस ह्या लष्करी अधिकाऱ्याने शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने हटन ह्या इंग्रज गणितज्ञाचे ग्रंथ मराठीत उतरविले. अधिक, उणे, गुणिले, भागिले ही चिन्हे, दशांशस्थळ, कंस आणि घातांक हे सर्व साहित्य मराठी वाचकास नवीन होते. ते छापावयाचे कसे, हा छापखान्यापुढील प्रश्न होता, आणि त्या काळी त्यास दोन मार्ग होते.

पहिला मार्ग शिळाछापाचा. मुंबईत गणपत कृष्णाजी ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ह्याच रीतीने पंचांग छापले. शिळाछापात लेखकाने जसे लिहिले तसेच हुबेहूब उमटते. कोष्टके, आकृत्या, दुमजली अपूर्णांक, काहीही असो, दगडास त्याचे ओझे नाही. परंतु त्या छापात सुटी अक्षरे अशी नसतातच. सारे पान हेच एक चित्र. त्यातील एक आकडा काढून दुसरा बसवावयाचा झाला तर तेवढा भाग खरवडून पुन्हा लिहावा लागे. दुसरा मार्ग खिळ्यांचा. जावजी दादाजी ह्यांच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळे किती सुबक असू शकतात हे दाखवून दिले. खिळ्यांच्या छपाईत प्रत्येक अक्षर स्वतंत्र असते व चूक दुरुस्त करणे सोपे जाते. परंतु खिळे एका ओळीत बसावयाचे, आणि सूत्र तर वरखाली पसरावयाचे. अंश, छेद व त्यांमधील रेघ हे तीन थर जुळवून त्यांभोवती शिशाचे तुकडे बसविता बसविता जुळाऱ्याच्या नाकी नऊ येत. केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनी १८६० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रहसाधनाच्या कोष्टकांसारखे पुस्तक पाहिले, म्हणजे आकड्यांचे असे रान निर्दोष उतरविण्यासाठी किती चिकाटी लागत असेल ह्याची कल्पना येते. सारांश, शिळाछापाने रूप सांभाळले व अवयव गमावले. खिळ्यांनी अवयव दिले, परंतु रूप सांभाळताना जुळाऱ्याची दमछाक केली.

ह्या कोंडीतून वाट काढली ती डोनाल्ड क्नुथ ह्या अमेरिकन पंडिताने. १९७७ साली त्यांच्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांच्या हाती आली. प्रकाशक खिळे सोडून नव्या यंत्राने छपाई करू लागले होते, आणि त्या यंत्राने सूत्रांचा जो अवतार केला होता तो पाहून क्नुथ कष्टी झाले. आपले संशोधन बाजूस ठेवून त्यांनी गणित छापण्यासाठी संगणकाची एक स्वतंत्र भाषाच निर्माण केली व १९७८ साली ती लोकांपुढे ठेवली. तिचे नाव ‘टेक’. तिच्यात अपूर्णांक काढून दाखवीत नाहीत, सांगतात. महिरपी कंसात प्रथम अंश लिहावयाचा, मग उलटी तिरकी रेघ देऊन ‘ओव्हर’ हा शब्द, आणि नंतर छेद द्यावयाचा. आडवी रेघ किती लांब असावी, अंश नेमका कोठे बसावा, हे यंत्र ठरविते. ह्यातील मर्म असे की, मूळ लेख हा साध्या अक्षरांचा असूनही त्यात रचना शाबूत राहते. श्लोकाने जे काम शब्दांनी केले तेच येथे नव्या तऱ्हेने साधले. पुढे लेस्ली लँपोर्ट ह्यांनी ह्याच पायावर ‘लाटेक’ उभारले, आणि जगातील बहुतेक गणितज्ञ आपले निबंध त्यात लिहू लागले. देवनागरीस ह्या पंक्तीत बसविण्याचे श्रेय हॉलंडमधील फ्रान्स वेल्थुइस ह्यांच्याकडे जाते. त्यांनी १९९१ च्या सुमारास टेकसाठी नागरी अक्षरांचा संच सिद्ध केला.

ह्याच सुमारास महाजालाचा जन्म झाला. स्वित्झर्लंडमधील सर्न ह्या भौतिकशास्त्राच्या संस्थेत टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९८९ साली त्याची कल्पना मांडली. नवल असे की, ज्या शास्त्रज्ञांचे सूत्रांवाचून पान हलत नाही त्यांच्याच घरी जन्मलेल्या ह्या साधनात सूत्रे लिहिण्याची सोय नव्हती. मथळा, परिच्छेद, यादी, चित्र ह्यांस खुणा होत्या. साध्या अपूर्णांकास नव्हती. साहजिकच लोकांनी आडवाट धरली. लीड्स विद्यापीठातील निकोस ड्राकोस ह्यांनी लाटेकमधील लेख महाजालाच्या पानांत रूपांतरित करणारे एक साधन तयार केले. ते मजकूर अक्षरांनी उतरवी. परंतु कठीण सूत्र लागले, की त्याचे लहानसे चित्र करून ओळीत चिकटवी. त्या काळी हाच उपाय व्यवहार्य होता, आणि त्यामुळे असंख्य टिपणे जगास खुली झाली हे नाकारता येत नाही. परंतु तत्त्वतः पाहिले तर हा पुन्हा शिळाछापच होता. चित्रातील सूत्र शोधता येत नाही, उचलून दुसरीकडे वापरता येत नाही, मोठे केले तर धूसर होते. आणि ज्यास दिसत नाही त्याच्या दृष्टीने तर त्या जागी काहीच नसते.

आता ज्या पुण्याच्या विद्यार्थ्याचा वर उल्लेख आला त्याची हकीकत. टी. व्ही. रामन ह्यांचा जन्म १९६५ चा, आणि त्यांचे बालपण पुण्यात गेले. लहानपणी त्यांस अधू का होईना दृष्टी होती. परंतु काचबिंदूने वयाच्या चौदाव्या वर्षी ती पूर्ण गेली. गणिताची आवड मात्र गेली नाही. भाऊ, शिक्षक व मदतनीस पुस्तके वाचून दाखवीत आणि ते ऐकून मनात मांडीत. अशा रीतीने त्यांनी पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणित हा विषय घेऊन पदवी मिळविली. नंतर मुंबईच्या आय. आय. टी.त संगणकशास्त्राचा अभ्यास करताना त्यांनी एक असा कार्यक्रम रचला की, ज्याच्या योगाने गणितातील वक्ररेषा नादरूपाने ऐकून तिचा आकार उमगावा. पुढे ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले, आणि तेथे १९९४ साली त्यांनी सादर केलेल्या प्रबंधाचा विषय होता शास्त्रीय लेखांचे श्राव्य रूपांतर. त्या प्रबंधास संगणकशास्त्रज्ञांच्या एसीएम ह्या संस्थेचे उत्कृष्ट प्रबंधाचे पारितोषिक लाभले. साधनाचे नाव ‘ॲस्टर’. रामन ह्यांस वाट दाखविणाऱ्या कुत्र्याचेही हेच नाव होते.

ॲस्टरने नेमके काय केले हे समजण्यासाठी नभोवाणीवर बोलणाऱ्या वक्त्याची अडचण लक्षात घ्यावी. ‘अ अधिक ब भागिले क’ एवढे शब्द त्याने उच्चारले, तर श्रोत्याने काय समजावे? अ म्हणजे ६, ब म्हणजे ४ आणि क म्हणजे २ असे धरले, तर अ व ब ह्यांची बेरीज प्रथम करून भागणाऱ्यास ५ हे उत्तर मिळेल, आणि केवळ ब ह्यास भागणाऱ्यास ८ मिळेल. समोरासमोर वाचून दाखविणारा मनुष्य आवाजाच्या चढउताराने व विरामाने हा घोटाळा टाळतो. नेमेथ ह्या अंध अमेरिकन गणितज्ञाने गणिताची ब्रेल लिपी १९५२ साली रचली, आणि ‘अपूर्णांक सुरू’, ‘अपूर्णांक संपला’ असे स्पष्ट शब्द उच्चारून वाचण्याची शिस्तही घालून दिली. रामन ह्यांनी यंत्रास हीच कला शिकविली. ॲस्टर लाटेकमधील मूळ लेख वाची व त्यातील रचनेचा जणू एक वृक्ष मनात उभा करी. घातांक आला की आवाज चढे, पायाशी लिहिलेला अंक आला की उतरे. सूत्र फार लांब असेल, तर त्याच्या एखाद्या फांदीस तात्पुरते नाव देऊन प्रथम सारा सांगाडा ऐकवी व मागून ती फांदी उलगडून सांगे. ऐकणारा पाहिजे त्या फांदीवर पुन्हा पुन्हा जाऊ शके. डोळस मनुष्य ज्याप्रमाणे सूत्रावर प्रथम दृष्टी फिरवितो व मग एका कोपऱ्यात लक्ष घालतो, तीच मोकळीक येथे कानांस मिळाली.

ह्या कामातून जो धडा मिळाला तो केवळ अंधांपुरता नाही. ॲस्टर चालला, कारण त्याच्यापुढे लाटेकचा रचनायुक्त लेख होता. त्याच पानाचे चित्र पुढे ठेवले असते, तर त्यास एक शब्दही उच्चारता आला नसता. जो लेख यंत्रास मोठ्याने वाचता येतो तोच शोधता येतो, तोच दुसऱ्या भाषेत नेता येतो आणि तोच लहान पडद्यावर नीट मांडता येतो. किंबहुना सूत्र जतन झाले की नाही हे पाहण्याची कसोटीच ही, की ते न पाहता कोणास सांगता येते काय?

महाजालाच्या नियामक मंडळाने १९९८ च्या एप्रिलमध्ये ‘मॅथएमएल’ ही गणितासाठी खुणांची पद्धती मान्य केली. तिच्यात अपूर्णांक, मूळ, घातांक ह्या सर्वांस स्वतंत्र खुणा मिळाल्या. परंतु नियम झाला म्हणून व्यवहार लगेच बदलतो असे नाही. ब्राउझर तयार करणाऱ्यांपैकी काहींनी तो पाळला, काहींनी दुर्लक्षिला. मधल्या काळात अनेक कष्टाळू माणसांनी पूल बांधले. ओहायओ स्टेट विद्यापीठातील एतान गुरारी ह्यांनी टेकचे लेख महाजालाच्या रूपात आणणारे ‘टेकफोरएचटी’ हे साधन घडविले. २००९ साली त्यांचे अकस्मात निधन झाल्यावर ते सांभाळणाऱ्यांत केरळातील टेकप्रेमी मंडळीही पुढे आली. अमेरिकेच्या मानक संस्थेस आपले १९६४ सालचे विख्यात गणितकोष्टकांचे पुस्तक नव्या रूपात महाजालावर आणावयाचे होते. त्यासाठी ब्रूस मिलर ह्यांनी ‘लाटेकएमएल’ रचले, आणि २०१० साली तो संग्रह सर्वांस खुला झाला. त्याच वर्षी ‘मॅथजॅक्स’ची पहिली आवृत्ती निघाली; तिच्या योगाने ब्राउझरास गणित येत नसले तरी पानावर सूत्र अक्षररूपानेच उमटू लागले. अखेर २०२३ च्या जानेवारीत क्रोम ह्या बहुप्रचलित ब्राउझरने मॅथएमएल कायमचे स्वीकारले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘अर्काइव्ह’ ह्या निबंधभांडाराने टेकमध्ये आलेले नवे निबंध महाजालाच्या पानांच्या रूपातही देण्यास आरंभ केला. नियम मान्य झाल्यापासून तो सर्वत्र रूढ होईपर्यंत पंचवीस वर्षे लोटली.

उलट दिशेचा प्रवास अधिक बिकट आहे. महाजालावरील पानावरून पुन्हा छापण्याजोगा लेख करावयाचा असेल आणि पानात रचना शाबूत असेल, तर ‘पँडॉक’सारखी साधने ते काम पुष्कळ अंशी करतात. परंतु हाती केवळ चित्र असेल, तर यंत्रास प्रथम डोळे द्यावे लागतात. जपानमधील क्यूशू विद्यापीठाचे मासाकाझू सुझुकी ह्यांनी छापील पानाच्या छायेवरून सूत्र ओळखून ते ब्रेल व लाटेक ह्यांत उतरविणारे साधन तयार केले. रचना एकदा फेकून दिली, म्हणजे ती परत मिळविण्यासाठी किती विद्वत्ता खर्ची घालावी लागते, ह्याचे हे बोलके उदाहरण होय.

मराठीपुरते बोलावयाचे तर ह्या यात्रेत एक जादा वळण आले. १९९० नंतर महाराष्ट्रातील छापखान्यांत संगणक शिरला, तेव्हा देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसविलेले निरनिराळे फाँट प्रचारात आले. प्रत्येक घराण्याची वाटणी वेगळी. कागदावर पान सुरेख उमटे. परंतु यंत्राच्या वहीत ती निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग असे. वस्तुतः सर्वांसाठी एकच संकेत असावा म्हणून भारतीय मानक संस्थेने १९९१ साली ‘इस्की’ हे मानक ठरविले होते, आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकचा भारतीय लिप्यांच्या ह्या कामात मोठा भाग होता. त्याच १९९१ साली युनिकोडही प्रसिद्ध झाले व त्यात देवनागरीस हक्काची जागा मिळाली. परंतु छापखान्यांची सवय सुटण्यास बराच काळ गेला. जुन्या फाँटातील साधा मजकूर युनिकोडमध्ये आणणे आता सोपे झाले आहे. गणिताच्या पुस्तकाची गोष्ट मात्र निराळी. त्यात मराठी वाक्यांच्या मध्ये खरीखुरी इंग्रजी अक्षरेही येतात. रूपांतर करणाऱ्या यंत्रास कोणते अक्षर कोणत्या फाँटातील हे सांगितले नाही, तर ते समीकरणातील एक्स ह्या अक्षरासही फाँटाचा तुकडा समजून त्याचे मराठी करून टाकते.

जुन्या बीजगणितातील आपल्या ‘क्ष’ची कहाणी तर आणखी मौजेची. मराठी डोळ्यांस ते एक अक्षर. परंतु युनिकोडच्या नोंदीत तेथे क, हलन्त आणि ष अशा तीन खुणा असतात. सूत्रातील प्रत्येक खूण म्हणजे एक स्वतंत्र राशी, असे मानणाऱ्या यंत्रापुढे हा ‘क्ष’ आला, की त्याचे तुकडे होण्याचा धोका असतो. अशा ठिकाणी ही एकच राशी आहे हे लिहिणाऱ्यानेच खुणेने सांगावे लागते. ज्या भाषेत यंत्रे घडली तिच्या अक्षरांस जी सोय जन्मतःच मिळाली, ती मराठी अक्षरांस मागून मिळवावी लागत आहे.

आणि लिहून झाले तरी वाचावयाचे राहतेच. मराठीत अपूर्णांकांचे जे वैभव आहे ते थोड्याच भाषांत असेल. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे जुन्या शाळांत तालावर म्हटले जात. एकावर अर्धा लिहिलेला पाहून मराठी मनुष्य ‘दीड’ म्हणतो, दोनावर अर्धा असेल तर ‘अडीच’ म्हणतो. यंत्र मात्र ‘एक पूर्णांक एक छेद दोन’ म्हणून मोकळे होईल. ४५ ह्या संख्येत चार अगोदर लिहितात, परंतु उच्चारात पाच अगोदर येतो व ‘पंचेचाळीस’ होते. २०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात परंपरागत संख्यानामांच्या जोडीस ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी नामे सुचविण्यात आली, तेव्हा महाराष्ट्रभर वाद माजला, आणि गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर ह्यांनी मुलांच्या सोयीची बाजू संयमाने मांडली. त्या वादात कोणाचे पारडे जड होते हा प्रश्न येथे गौण आहे. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, लिहिलेली संख्या व बोललेली संख्या ह्यांमधील अंतर प्रत्येक भाषेचे स्वतःचे असते, आणि ते यंत्रास समजावून सांगण्याचे काम ती भाषा बोलणाऱ्यांवाचून दुसरा कोणी करू शकत नाही. सूत्रे मोठ्याने वाचण्याच्या आधुनिक साधनांत हिंदीचे नियम बसविण्यात आले, ते जाणत्या माणसांनी श्रम केले म्हणूनच. मराठीचे नियमही मराठी शिक्षकांच्या व संगणकतज्ज्ञांच्या हातूनच बसावयाचे आहेत.

भोसरीहून आळंदीस जाणारा रस्ता पालखीच्या वारकऱ्यांस ठाऊक आहे. त्याच आळंदीत अंध मुलींची जागृती शाळा आहे. त्या शाळेतील एखाद्या मुलीस बीजगणिताची गोडी लागली, तर तिच्या वाट्यास येणारे मराठी पुस्तक चित्रांचे असेल की अक्षरांचे, ह्यावर तिचे पुढील शिक्षण ठरेल. आणि ती काही एकटी नाही. वसाहतीतील कामगारांची मुले महापालिकेच्या मराठी शाळांतून शिकतात, घरी आल्यावर वडिलांच्या मोबाइलच्या वीतभर पडद्यावर धडा उघडतात. कागदी पानाचे छायाचित्र त्या पडद्यावर मावत नाही; अपूर्णांक पाहण्यासाठी पान उजवीकडे सरकवावे तर वाक्याचा आरंभ डावीकडे नाहीसा होतो. रचनायुक्त लिहिलेले पान मात्र पडद्याच्या मापाने आपोआप बसते. अंध मुलीची सोय आणि कामगाराच्या मुलाची सोय ही एकाच उपायाने होणारी आहे.

ह्यासाठी लागणारी साधने आज विनामूल्य उपलब्ध आहेत. क्नुथ ह्यांनी टेक जगास मोफत दिले. गुरारी, मिलर व मॅथजॅक्सची मंडळी ह्यांनीही तोच कित्ता गिरविला. राहिला आहे तो एक संकल्प. मराठीत गणिताचे जे पान यापुढे लिहिले जाईल, मग ते पाठ्यपुस्तकाचे असो, विश्वकोशातील नोंदीचे असो वा शिकवणीच्या टिपणाचे असो, त्यातील सूत्रे चित्र म्हणून न चिकटविता रचनेसह लिहावीत. आणि लिहून झाल्यावर ते पान एकदा यंत्राकडून मोठ्याने वाचून घ्यावे. जेथे ऐकणाऱ्याचा घोटाळा होईल तेथे लिहिणाऱ्याचे काम अपुरे राहिले आहे असे खुशाल समजावे. चौदाव्या वर्षी दृष्टी गेलेल्या पुण्याच्या मुलास गणित वाचून दाखवावयास भाऊ होता, शिक्षक होते. तसे कोणी ज्याच्या घरी नसेल, त्यास हे गणित पानानेच वाचून दाखविले पाहिजे.